नावे ठेवावीत, ही नम्र विनंती

“हे कुणी लिहिलंय?” गादीवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं.

आम्ही दोघं त्यांच्या दुकानात एका जाड गादीवर बसलो होतो. खुर्च्या त्या दुकानात नाहीतच. गिऱ्हाईक आलं की गादीवर बसवायचं, म्हणजे निम्मा सौदा तिथंच होतो. ती गादी इतकी मऊ, की मी ताठ बसायला बघत होते आणि हळूहळू ह्यांच्या अंगावर कलंडत होते. मागायला आलेल्या माणसानं निदान नीट बसलेलं तरी दिसावं की नाही!

“मीच लिहिलंय,” हे म्हणाले.

“‘आमचा संघ गेली सव्वीस वर्षे व्हॉलीबॉल खेळत आहे. तरी आपण आमच्या संघाला नावे ठेवावीत, ही नम्र विनंती.’” गादीवाल्यांनी मोठ्यानं वाचलं आणि मग जे हसत सुटले ते थांबेचनात. दुकानातली दोन माणसं काय झालं म्हणून बघायला आली. “अहो मिस्त्री, आजवर लोक न विचारताच नावं ठेवत आलेत. विनंती करून बोलावणारे तुम्ही पहिलेच!”

माझ्या डोक्यात उजेड पडायला क्षणभर लागला आणि पडला तेव्हा तोंड कुठं लपवू असं झालं. ह्यांना म्हणायचं होतं, आमच्या शर्टांवर तुमच्या दुकानाचं नाव टाका आणि शर्टांचा खर्च तुम्ही करा.

“अहो, ‘नाव द्यावे’ लिहायचं ना!” मी कुजबुजले.

“एकच शर्ट थोडाच आहे? बारा आहेत. म्हणून अनेकवचन केलं.”

“मला आधी दाखवलं असतं तर?”

“तू नावं ठेवली असतीस.”

कप्पाळ माझं!

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. बंद लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी बाहेरून तासभर गोड बोलत बसतील, पण कुणाकडे काही मागायचं म्हटलं की ह्यांची जीभ टाळ्याला चिकटते. लग्नात माझ्या वडिलांनी “काही हवं का?” विचारलं, तर म्हणाले, “थोडं पाणी.” असा माणूस. दर रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर खेळायचं, एवढी एकच हौस. संघात पोस्टमन, न्हावी, बसचा ड्रायव्हर, शाळेतले दोन मास्तर, असे सगळे. कुणाचा शर्ट निळा, कुणाचा भोकाचा. सव्वीस वर्षं एकसारख्या शर्टांवाचून कुणाचं अडलं नव्हतं.

ह्या वर्षी साखळी स्पर्धेवाल्यांनी नियम काढला: सगळ्यांचे शर्ट एकसारखे हवेत, पाठीवर नंबर हवा, खेळाडूंचा विमा हवा. नाहीतर नाव यादीतून बाद. आणि यादीत नाव नसेल तर रविवारचं मैदानही दुसऱ्या संघाला. म्हणजे सगळा खेळच खलास. तेव्हापासून ह्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

तसे प्रयत्न झाले. औषधवाला म्हणाला, “धडधाकट माणसं माझ्या काय कामाची?” सिमेंटवाल्याकडे हे एकटे गेले, तर त्याच्या दारावरची बेल बिघडलेली. ती दुरुस्त करून दिली आणि तसेच परत आले. मागायचं राहूनच गेलं. तेव्हा मी म्हटलं, पुढच्या वेळी मी येते. गादीवाल्यांच्या चार मजली दुकानाची लिफ्ट हेच बघतात, इतक्या वर्षांत तिथं कधी जास्तीचा चहासुद्धा घेतला नाही. तो माणूस ‘नाही’ म्हणणार नाही, असं मला वाटलं होतं.

गादीवाल्यांनी डोळे पुसले, कागदाची घडी घालून खिशात ठेवली. “हे बघा, माल बघितल्याशिवाय मी त्यावर नाव लावत नाही. रविवारी किती वाजता खेळता? येतो नावं ठेवायला.”

रविवारी ते खरंच आले. येताना स्वतःची घडीची खुर्ची घेऊन आले आणि बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर लिहायला पेन्सिल. सामना होता बँकवाल्यांशी, नुसता सरावाचा. पण आमची मंडळी अशी अवघडली होती, जणू मुलगी दाखवायचा कार्यक्रम आहे. न्हाव्यानं तर सगळ्यांची दाढी फुकट करून दिली होती.

मीही कित्येक वर्षांनी तिथं बसले होते. रविवार म्हणजे माझा धुण्याचा दिवस, मला कुठली सवड? हे जाळीजवळ उभे राहून बॉल उचलून देतात. म्हणजे मारणारा दुसरा, टाळ्या दुसऱ्याला. ह्यांनी फक्त तो दहा बोटांवर झेलल्यासारखा करायचा आणि मारणाऱ्याच्या हाताला नेमका सापडेल असा वर सोडायचा. लग्न झालं त्या वर्षी मी पहिल्यांदा बघितलं, तेव्हाच म्हटलं होतं की हे काम ह्यांच्या स्वभावाला बेतून शिवलंय.

पण त्या सकाळी मला भलतंच दिसायला लागलं. बॉल डावीकडे गेला की हे उशिरा पोचत होते. उजवा गुडघा वाकतच नव्हता. आणि पोस्टमन, तो काय करत होता? ह्यांच्या वाट्याचा बॉल स्वतःच धावत जाऊन घ्यायचा आणि वर ओरडायचा, “सॉरी मिस्त्री, मध्ये आलो!” ड्रायव्हरही तेच. मास्तर तेच. सगळेच ह्यांच्या मध्ये येत होते आणि सगळेच सॉरी म्हणत होते. मला हसूही येईना आणि बघवेनाही. सामना हरलो, पण थोडक्यात.

गादीवाले खुर्चीतून उठले. सगळे घाम पुसत त्यांच्याभोवती जमले.

“विनंतीप्रमाणे सुरुवात करतो,” ते म्हणाले. “न्हावीबुवा, तुमचं तोंड हातांपेक्षा जास्त चालतं. जाळीला मध्ये झोल आहे. ड्रायव्हरसाहेब, पोट तुमच्याआधी जाळीला लागतं.” सगळे खो खो हसले. ड्रायव्हरसुद्धा. मग त्यांनी कागद खाली घेतला. “बाकी संघ चांगला आहे. माझ्या अंदाजापेक्षा चांगला. मिस्त्री, जरा इकडे येता?”

ते ह्यांना टाकीच्या सावलीत घेऊन गेले. मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी काय बोलावण्याची वाट बघणारी बाई आहे?

“राग मानू नका,” गादीवाले हळू आवाजात म्हणाले. “पण तुम्ही नावं ठेवायला बोलावलंत, आता अर्धीच ठेवली तर ते खोटं होईल. तुमचा गुडघा गेलाय. ही सगळी पोरं बॉलवर लक्ष ठेवायचं सोडून तुमच्यावर लक्ष ठेवतात. तुम्ही बाहेर बसलात तर हा संघ जिंकेल. शर्ट देतो, विमा काढतो, मैदानापर्यंत टेम्पो देतो. पण तुम्ही खेळणार असाल तर नाही देणार. धंदा आहे, हरणाऱ्या पाठीवर नाव कसं लावू?”

माझं डोकंच फिरलं. “अहो, तुमची लिफ्ट ज्या माणसानं...” मी एवढंच म्हणाले आणि ह्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट नाही, नुसतं धरलं.

मग खाली बघत ह्यांनी विचारलं, “शर्ट किती दिवसांत मिळतील?”

“दहा.”

“आठवड्यात द्याल का? पहिला सामना पुढच्या रविवारी आहे. आणि बारापैकी माझा असणार होता तो जरा बदला. बेकरीतला एक उंच माणूस माझ्या जागी घ्यायचा आहे. त्याला मोठ्या मापाचा लागेल.”

सव्वीस वर्षांच्या संसारात हा माणूस दुसऱ्याकडे काही मागताना मी पहिल्यांदा ऐकत होते. एका दमात, न अडखळता.

घरी येताना मी तोंड उघडलं नाही, तेव्हा हेच म्हणाले, “अगं, बोल काहीतरी. तू गप्प बसलीस की मला धास्ती वाटते.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“दोन वर्षं झाली. पोस्टमन सॉरी म्हणायला लागला तेव्हापासून. तो कधी कुणाला सॉरी म्हणणारा आहे का?” हे हसले. “बरं वाटायचं गं. आपल्यासाठी कुणीतरी इतकं धावतंय म्हणून. त्या सुखात मी राहिलो. चूक झाली.”

“कसली चूक? त्यांना तुम्ही हवे आहात!”

“म्हणून तर. ते सांगणार नाहीत. मलाच उठायला हवं होतं.”

मी भाजीतल्या मिठापासून जावयाच्या केसांपर्यंत सगळ्याला बोलणारी बाई. पण ह्यांच्या पायाला रोज रात्री तेल चोळताना गुडघा किती सुजलाय हे मला दिसत होतं आणि मी एका शब्दानं बोलले नव्हते. ह्यांचा रविवार जाऊ नये म्हणून. मला रस्त्यातच रडू आलं. ह्यांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्या रस्त्याकडच्या बाजूनं चालायला लागले, लोकांना दिसू नये म्हणून.

संघाला घरी बोलावून ह्यांनी सांगितलं, डॉक्टरांनी खेळायला बंदी केलीय. डॉक्टरांचं तोंडसुद्धा ह्यांनी बघितलं नव्हतं. पोस्टमन म्हणाला, “मग नकोत आम्हाला शर्ट. मिस्त्री नाहीत तर कशाला खेळायचं?” त्यावर हे असे भडकले की मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. “कशाला म्हणजे? मी काय एकट्यासाठी खेळत होतो? उद्यापासून कॅप्टन तू. बेकरीवाल्याला बॉल कसा उचलायचा ते मी शिकवतो. नाटकं बंद!” पोस्टमननं माझ्याकडे बघितलं. “वहिनी, खरंच डॉक्टर म्हणाले?” मी मान हलवली आणि चहा टाकायला आत पळाले.

आठवडाभर संध्याकाळी हे बेकरीवाल्याला घेऊन मैदानावर जायचे. खुर्चीवर बसून शिकवायचे. “बॉलला पकडू नको रे, भेटायला आलाय तो, दारातूनच निरोप दे.”

शर्ट वेळेवर आले. गडद पिवळे, आणि पाठीवर नंबराच्या वर ठळक अक्षरांत ‘गाढ झोप गाद्या’. पहिल्या सामन्याला समोरच्या बाजूची माणसं ओरडली, “अरे उठवा त्यांना!” न्हाव्यानं लगेच उलट उत्तर दिलं. गादीवाले खुर्ची टाकून पुढेच बसले होते, खुशीत. मी आणि हे बाकावर होतो. ह्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. सामन्याआधी जाळीचा झोल ह्यांनीच पाना घेऊन काढला होता.

पंचांनी शिट्टी मारली. दोन्ही संघ रेषेवर ओळीनं उभे राहिले. समोरचा कॅप्टन पुढं आला. आमच्याकडून कुणीच येईना. मला कळेना, काय झालं. मग दिसलं. ओळीत सगळ्यात पुढची जागा मोकळी होती. पोस्टमन दुसऱ्या जागेवर उभा होता. तो नेहमी तिथंच उभा राहायचा. त्याच्यामागे ड्रायव्हर, मास्तर, सगळे आपापल्या जागी, आणि पुढे एक माणूस मावेल एवढी जागा सोडलेली.

“कॅप्टन कोण? पुढे सरका,” पंच म्हणाले.

पोस्टमन जमिनीकडे बघत होता. कुणी हललं नाही. पंचांनी पुन्हा सांगितलं.

हे बाकावरून उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. रेषेपर्यंत गेले, पोस्टमनला दोन्ही खांद्यांना धरलं आणि एक पाऊल पुढं आणून त्या जागेवर उभं केलं. त्याची कॉलर सारखी केली.

“सरकायचं रे,” म्हणाले. “मागचे खोळंबलेत.”

मग ड्रायव्हर पुढं सरकला, मास्तर सरकले, पूर्ण ओळ सरकली. बेकरीवाला शेवटी उभा राहिला.

हे परत येऊन माझ्याशेजारी बसले आणि थर्मासमधला चहा मागितला. चांगला वाफाळता होता, पण ह्यांनी तो एका घोटात संपवला.