बिनसाखरेचं दही

आईनं निघताना माझ्या हातावर घातलेलं दही अजून संपलेलं नाही. त्याला आता नऊ वर्षं झाली. सकाळी उठलो की मी ते खातो, दिवसभर तळहात ओलसर राहतो आणि रात्रीत पुन्हा दही लागतं. चमचाभरच. घट्ट, म्हशीच्या दुधाचं, वर साय.

मी डेन्मार्कमध्ये समुद्राकाठच्या एका गावात राहतो. गावाचं नाव मला नऊ वर्षांत एकदाही बरोबर उच्चारता आलेलं नाही, त्यामुळे सांगत नाही. पवनचक्कीच्या पात्यांचे फोटो बघून त्यांना तडे गेलेत का ते ओळखणं, हे माझं काम. माउस डाव्या हातानं चालवतो. ऑफिसात कुणी विचारलं तर सांगतो, आईचं दही आहे. इथली माणसं सभ्य आहेत. ती ‘हो का’ म्हणतात आणि वाऱ्याविषयी बोलायला लागतात.

जानेवारीत दही लवकर लागत नाही म्हणून मी हाताला लोकरीची टोपी घालून झोपतो. आईशी फोनवर वाजलं की दुसऱ्या दिवशी आंबट होतं. एकदा काय होतं ते बघावं म्हणून मी ते खाल्लंच नाही. आठवडाभर ते तसंच बसून राहिलं, जेवायला बोलावल्यावरही न उठणाऱ्या पाहुण्यासारखं.

हे का होतं, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हातावर आमच्याकडे दही-साखर घालतात. मी निघालो तेव्हा आईनं दही घातलं आणि साखरेच्या डब्याचं झाकण अडकलं. ती स्वयंपाकघरात डब्याशी झटापट करत होती, तेवढ्यात दारातल्या गाडीवाल्यानं तिसऱ्यांदा हॉर्न दिला. अण्णा म्हणाले, चल. मी निघालो. म्हणजे माझा निरोप अर्धाच झालेला आहे. नियमानं बघितलं तर मी अजून जयसिंगपुरात, आमच्या दारात चपला घालून उभा आहे.

अण्णांचा आक्षेप वेगळा आहे. आम्ही जैन. दोन दिवसांच्या वरचं दही आमच्यात चालत नाही.

‘तुझं नऊ वर्षांचं आहे,’ अण्णा फोनवर म्हणतात.

‘अण्णा, रोज नवीन लागतंय.’

‘विरजण जुनंच ना?’

मग मी इथल्या वाऱ्याविषयी बोलायला लागतो.

गावातल्या सगळ्या मराठी घरांत जे दही लागतं, ते माझ्या हाताच्या विरजणाचं. दर रविवारी रेणुका नवाथे वाटी घेऊन येते. ती मूळची ठाण्याची, इथं लोकांचे गुडघे सरळ करून देते. एकदा ती म्हणाली, ‘सन्म्या, स्वतःच घाल की साखर आणि सूट एकदाचा.’

‘बघ,’ म्हणून मी इथल्या दुकानातली साखर दह्यावर भुरभुरवली. दाणे दह्याला न टेकता घरंगळले आणि टेबलावर पडले. रेणुकानं घालून बघितली. तिचीही पडली.

‘आईंकडून मागव मग.’

ते मी कधीच करून बसलो होतो. आई म्हणायची, साखरेला मुंग्या लागल्यात. मग म्हणायची, ओली झालीय. मग म्हणायची, कुरियरवाला साखर घेत नाही. चारी बाजूंनी साखर कारखाने असलेल्या गावात बसून ती हे सांगायची. मीही फार ताणलं नाही. साखर घातली की निरोप पुरा होतो, आणि निरोप पुरा झाला की माणूस गेलेला असतो. तिला ते माहीत होतं. मलाही होतं.

तिकडे, ज्या गाडग्यातून तिनं माझ्यासाठी दही काढलं, त्यात तेव्हापासून चमच्याएवढा खड्डा आहे. गाडगं बदललं, दूध बदललं, तरी दही लागलं की मधोमध खड्डा. नऊ वर्षं तो तेवढाच होता.

वसंतात नगरपालिकेचा मेल आला. नागरिकत्व मंजूर. शुक्रवारी सकाळी सभागृहात यावं आणि महापौरांशी हात मिळवावा. इथला कायदाच आहे, हात मिळवल्याशिवाय नागरिकत्व नाही. उजवा हात, उघडा, तळव्याला तळवा. आणि इकडचं नागरिकत्व घेतलं की भारताचा पासपोर्ट परत करायचा.

मी घरी व्हिडिओ कॉल करून सांगितलं. आईनं फोन ओट्याकडे धरला. खड्डा गाडग्यातून बाहेर येऊन ओट्याच्या ग्रॅनाइटमध्ये पडला होता. स्वच्छ, गुळगुळीत, चमच्यानं काढल्यासारखा.

‘कधीपासून?’

‘आत्ता, तू बोलत होतास तेव्हा.’

मग अण्णा आले. त्यांचं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. ‘दुकानाला गिऱ्हाईक आलंय,’ ते म्हणाले. ‘तू येणार असशील तर ठेवतो, नाहीतर देऊन टाकतो. माझे हात आता पाइप उचलत नाहीत. एवढं सांग.’

‘शुक्रवारी सांगतो.’

‘शुक्रवारीच तो बयाणा घेऊन येतोय.’

त्या रात्री दही मनगटापर्यंत लागलं.

खड्डा जेवढा वाढायचा तेवढं दही वाढायचं, एवढा हिशोब मला लगेच कळला. आई सांगायची, आज फ्रिजच्या दारात पडला. इकडे माझी बाही भरायची. आई सांगायची, आज फरशीत पडलाय, बादली बसेल एवढा. इकडे कपाटाचे खण उघडेनात, कारण आत दही लागलेलं. मी वाकून वास घेतला. आमच्या स्वयंपाकघराचा वास होता, जळक्या सायीचा आणि उदबत्तीचा. खण मी पुन्हा बंद केला. थोड्या वेळानं पुन्हा उघडला.

बुधवारपर्यंत भिंतींना आतून दह्याचा जाड थर आला होता. खोली सगळ्या बाजूंनी हातभर आत सरकली. खिडकी होती तिथं पांढरा मऊ चौकोन होता, उजेड त्यातून गाळून यायचा. मी वाटीनं खात होतो, रेणुका डबे भरभरून नेत होती.

‘तुला जायचंय की राहायचंय?’ तिनं डब्याचं झाकण दाबत विचारलं.

‘रात्री जायचं असतं. सकाळी कामावर गेलो की राहायचं असतं.’

‘मग दुपारी ठरव.’

‘दुपारी झोप येते.’

‘येणारच,’ ती म्हणाली. ‘एवढं दही खाल्ल्यावर हत्तीला झोप येईल.’

गुरुवारी फोनवर आई म्हणाली, ‘अण्णांनी खड्ड्यात पेरूची फांदी उभी केलीय. रस्त्यावरच्या खड्ड्यात लावतात तशी. येणारंजाणारं पडायला नको.’

‘येणारंजाणारं कोण आहे घरात?’

‘कोणी नाही,’ आई म्हणाली.

त्या संध्याकाळी माझ्या तळहातावरच्या दह्यातून एक पान वर आलं. मी ते चुरगळून हुंगलं. पेरूचं होतं.

शुक्रवारी उठलो तेव्हा अंथरुणातून दारापर्यंत जेमतेम मी मावेन एवढी वाट उरली होती. मी अंग चोरून बाहेर पडलो. रेणुका खाली उभी होती. तिनं माझा कोपर दोन्ही हातांनी तोलून धरला आणि आम्ही तसेच चालत सभागृहात गेलो. वाटेत मी आईला फोन लावला. तिनं उचलला नाही.

रांगेत माझ्यापुढे दोघं होते. एक इराणचा सुतार. त्याच्या देशात निघालेल्या माणसाच्या मागे पाणी ओततात. त्याच्या मावशीनं ओतलेलं पाणी अजून त्याच्या बाहीतून वाहत होतं, जमिनीवर ओघळ गेला होता. त्याच्यामागे युक्रेनची एक बाई. त्यांच्यात घर सोडण्याआधी क्षणभर बसतात. ती अजून उठलेली नव्हती. खुर्चीसकट पुढे सरकत होती.

महापौरबाई उंच होत्या, खांद्यावर टॉवेल होता. त्यांना सवय असावी. त्यांनी सुताराशी हात मिळवला आणि पाणी थांबलं. त्यानं बाही चाचपली. कोरडी होती. तो बराच वेळ ती बघत राहिला, मग त्यानं प्यायला पाणी मागितलं. युक्रेनच्या बाईशी हात मिळवायला महापौरबाई खाली वाकल्या. बाई उठली. हसली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खुर्ची तिथंच राहिली. बाई दारापर्यंत गेली, परत आली आणि खुर्चीच्या पाठीवरून एकदा हात फिरवून गेली.

माझी पाळी आली. रेणुकानं माझा कोपर सोडला.

‘हे काय आहे?’ महापौरबाईंनी विचारलं.

‘दही.’

‘गोड?’

‘अजून नाही.’

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली, हात टॉवेलला कोरडा केला आणि पुढे केला.

मी माझा हात उचलला. दह्याच्या मधोमध खड्डा पडला. चमच्यानं काढल्यासारखा, स्वच्छ. मी वाकून बघितलं. तळाशी माझा तळहात नव्हता. पेरूची फांदी होती आणि तिच्याखाली, खूप खाली, आमच्या स्वयंपाकघराची फरशी. फरशीवर अण्णा बसले होते, त्यांच्यासमोर एक अनोळखी माणूस मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. दोघं वर बघत होते. आई उभी होती. तिच्या काखेत साखरेचा डबा होता. डबा उघडा होता.

‘सन्मती,’ ती खालून म्हणाली, ‘झाकण निघालं बघ.’

तिनं चिमूट भरून वर धरली.

‘घालू?’

महापौरबाईंचा हात अजून पुढेच होता.