मुंगीची मापं

दोन हजार वीस साली, शाळांना कुलूप लागलं त्या वर्षी, कपडे शिवून देणाऱ्या एका आजीने डाव्या हाताने नातीची वही भरली. अक्षर पोराचं वाटावं म्हणून डाव्या हाताने. पाटी, उशी, टेबल, खिडकी... घरातल्या दहा वस्तू मोजायच्या आणि आकडे लिहायचे, असं बाईंनी सांगितलं होतं. नात, जिला घरात सगळे मुंगी म्हणत, शिलाई मशीनच्या पायाशी चिंध्या घेऊन बसली होती.

आजीला खोटेपणाची हौस नव्हती. मुलगा आणि सून औषधांच्या गोदामात कामाला, ते काही बंद राहत नव्हतं; त्यामुळे मुंगीची पहिलीची शाळा आजीच्या गळ्यात पडली होती. फोनवर वर्गातली वीस डोकी दिसली की मुंगी मिठाची गुळणी धरून बसे. महिनाभरात एक उत्तर नाही. असंच चाललं तर पुन्हा पहिलीतच बसवावं लागेल, असं बाईंनी अगदी नरमाईने सांगितलं होतं, आणि आजीला त्या नरमाईचीच धास्ती होती.

वहीचा फोटो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा व्हिडिओ कॉल आला.

"आजी, पाटी शाळेनेच दिलीय. सगळ्यांच्या घरी ती बारा इंच भरली. तुमच्याकडे तेरा कशी?"

आजीने जीभ चावली. पस्तीस वर्षांची सवय. माप लिहिताना शिलाईसाठी इंचभर जास्त धरायचं. पाटीलाही तिने शिलाई धरली होती. खिडकीलासुद्धा.

"हात माझा होता बाई. पोरीला नका त्यासाठी मागे ठेवू."

बाई म्हणाल्या, वर्ग नाहीये, मी एकटीच आहे, तिला समोर बसवा. मुंगी बसली. तू काही मोजलंस का, असं त्यांनी विचारल्यावर तिने मशीनखालचा चिंध्यांचा ढीग ओढून पुढ्यात घेतला. आजी ज्याला आठवडाभर खेळ समजत होती, त्यातली एकेक चिंधी एकेका वस्तूएवढी कापलेली होती.

पाटीची कुठली? मुंगीने काढली. टेबलाची? तीही. मग टेबल पाटीपेक्षा केवढं मोठं? मुंगीने दोन्ही फरशीवर शेजारी अंथरल्या, उरलेल्या भागाकडे पाहिलं, ढिगात हात घातला आणि तिसरी आणून तिथे टेकवली. तंतोतंत बसली.

"उशीएवढं," ती म्हणाली.

बाईंनी श्वास घेतलेला फोनमधून ऐकू आला. मग मुंगीने बाजूला ठेवलेल्या लांबलचक चिंध्या कुणाच्या, असं त्यांनी विचारलं.

"आजीच्या. ही सकाळची, ही संध्याकाळची."

संध्याकाळची करंगळीच्या जाडीएवढी कमी होती. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहा, असं पोरगी रोज दोनदा म्हणायची, आणि आजी कामाच्या घाईत पाठ टेकवून मोकळी व्हायची.

"कापताना चुकलीस गं," आजी म्हणाली.

मुंगीने मान हलवली आणि बाकीच्या पसरल्या. सात दिवस, सात जोड्या. प्रत्येक जोडीत संध्याकाळची आखूड.

"आजी दिवसभर बसून बसून कमी होते. झोपली की परत भरते."

आजीला आठवत होत्या संध्याकाळी कामावरून परतताना मापं देऊन गेलेल्या बायका. सकाळी घालून बघायच्या आणि झगा आखूड झाला म्हणून तोंड वाकडं करायच्या. तिने कापडाला दोष दिला होता, पाण्याला दिला होता, त्यांच्या जिभेला तर दिलाच होता. ती खाली फरशीवर मुंगीजवळ जाऊन बसली.

बाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतःला दोनदा मोजलं, आणि मग विसाच्या वीस घरांत तेच काम दिलं.

मुंगी दुसरीत गेली. बाई पुढे शिक्षकांना शिकवायला दुसऱ्या गावी गेल्या. अधूनमधून फोन करून आजीला आपली संध्याकाळची उंची सांगतात. मुलगा आणि सून अजून त्याच गोदामात आहेत, सून आता तिथली मुकादम. त्यानंतर आजीने संध्याकाळी कुणाचं माप घेतलं नाही. कारण विचारलं तर दिवेलागणीला टेपवरचे आकडे दिसत नाहीत म्हणते. मुंगी आता तिच्यापेक्षा दोन बोटं उंच झाली. वर्षातून एकदा, सकाळी, ती आजीला चौकटीशी उभी करते, चिंधी कापते, तिच्यावर तारीख घालते आणि डब्यात ठेवते. मागच्या वर्षीची काढून शेजारी मात्र लावत नाही.