चाकामागची वीट

आमच्या मोझेल नदीकाठच्या गावात सपाट जमीन फक्त चर्चच्या आत आहे. माझी तीनचाकी मोटारसायकल दोनदा घरंगळली तेव्हा लोकांनी उताराला दोष दिला. मी दिला नाही. दुसऱ्या खेपेला ती बेकरीच्या पायरीवर आदळली, आणि हातभर अंतरावर एक बाई बाबागाडी घेऊन उभी होती. संध्याकाळी माझी मुलगी हाइके आली. शांतपणे म्हणाली, “बाबा, आणखी एकदा असं झालं तर चावी माझ्याकडे.”

चाळीस वर्षं मी दुचाकी चालवली. खुबा बदलल्यावर डॉक्टरांनी ती बंद केली, म्हणून तिलाच मागे दोन चाकं बसवून घेतली. तीही गेली तर दिवसभर खिडकीत बसायचं. ते मला जमणार नाही.

संशय माझा शेजारच्या हार्टविगवर. द्राक्षमळेवाला माणूस, ट्रॅक्टर वळवायला त्याला माझी गाडी लावायची जागा हवी होती. दोन्ही वेळा त्याचा ट्रॅक्टर गेला आणि लगेच माझी गाडी सुटली. ब्रेक सोडायला कितीसा वेळ लागतो? त्यात मागच्या आठवड्यात मागच्या चाकाला लावलेली एक वीट सापडली. मी ठेवलेली नव्हती. टायर फाडायचा डाव असणार म्हणून भिरकावून दिली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मंगळवारी दुपारी गाडी लावली आणि पडद्याआडून पाहत बसलो. पाचच मिनिटांत हार्टविग आला, इकडेतिकडे पाहिलं आणि चाकापाशी वाकला. मी काठी न घेताच बाहेर पडलो.

“सापडलास. ब्रेक तूच सोडतोस ना?”

तो वीट नीट बसवत राहिला. “कुणी सोडत नाही, ओटमार. तू लावतच नाहीस. न्यूट्रलवर गाडी बंद करतोस, डाव्या पायाने हवेत लाथ मारतोस आणि उतरतोस. चाक रस्त्याच्या फरशीच्या खाचेत अडकतं. माझ्या ट्रॅक्टरने फरशी हादरली की सुटतं.”

चोराच्या उलट्या बोंबा, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. त्याला खोटं पाडायला वीट काढून गावाला एक चक्कर मारली, परत आलो, इंजिन बंद केलं. माझा डावा पाय आपसूक पुढे गेला आणि दुचाकीचा, आता नसलेला स्टँड खाली पाडून आला. ब्रेकचा दांडा होता तिथेच होता. मला ती बाबागाडी आठवली.

“हाइकेला बोललास?”

“नाही. बोलायला हवं होतं.”

मी दांडा ओढला, उतरलो आणि चावी त्याच्या हातावर ठेवली. रोज फिरून आलो की ती त्याच्याकडेच देईन, ब्रेक लावलेला दिसल्याशिवाय त्याने घ्यायची नाही, असं सांगितलं. त्याने ती लगेच खिशात टाकली नाही. आधी माझ्यादेखत गाडीला मागून रेटा देऊन पाहिला. एरवी मला राग आला असता. मी म्हणालो, “अजून जोरात ढकल.”