म्हशीला काही झालं नव्हतं

मित्रांनो, मी एक म्हातारी म्हैस आहे. माझं नाव पाखरी. एवढ्या काळ्या धिप्पाड जनावराला असलं नाव कुणी ठेवलं, म्हणून तुम्ही हसाल. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, एका गल्लीच्या टोकाच्या गोठ्यात मी जन्मले. जन्मले तेव्हा इतकी किरकोळ होते की माझ्या धन्यांनी मला काखेत धरून उन्हात नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "ही कसली म्हस, ही तर पाखरी हाय." तेच नाव राहिलं. आज माझी शिंगं पाठीवर गेली आहेत, दात झिजले आहेत, आणि मी त्या गोठ्यात नाही. मी कागलला एका परक्या दावणीला आहे. इथं कशी आले ते सांगते. गोष्ट माझी असली तरी खरी ती माझ्या धन्यांची आहे.

त्यांचं नाव आकाराम. घरात त्यांची बायको बायडाबाई, मुलगा विश्वजित आणि सून अनुजा. गोठा आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत होती, आणि तिला खिडकी होती. त्यामुळे घरातलं सगळं माझ्या कानावर पडायचं.

आमच्या कोल्हापुरात दूध कट्ट्यावर प्यायची रीत आहे. गवळी ठरलेल्या जागी म्हशी आणून बांधतात, माणसं ग्लास घेऊन उभी राहतात, आणि डोळ्यांदेखत काढलेलं फेसाळ, ऊन ऊन दूध हातात मिळतं. सकाळ-संध्याकाळ माझे धनी मला कट्ट्यावर न्यायचे. तिथं माझं नाव होतं. "पाखरीचं दूध द्या," म्हणून लोक थांबून राहायचे.

माणसांना वाटतं, पेंड घातली की दूध येतं. पेंड लागतेच. पण दूध कासेत असणं वेगळं आणि ते सुटणं वेगळं. सुटायला ओळखीचा हात लागतो आणि ओळखीचा आवाज लागतो. माझे धनी धार काढायला बसले की बोलायला लागायचे.

"पाखरे, काल आपल्या पेठेनं मॅच घालवली बघ. गोलकीपर उभ्या उभ्या झोपलाता काय कुणाला ठावं. आनि घरात तुझ्या मालकिनीनं कालवनात मीठच घातलं न्हाय. मी म्हटलो, झ्याक झालंय! काय करनार? घरात ऱ्हायाचं हाय की न्हाय?"

कट्ट्यावरची माणसं हसायची. मी कान हलवायची, आणि दूध आपोआप खाली यायचं.

ते कधी आणि कशानं थांबलं, हे मला सांगता येणार नाही. घरात काही वाईट घडलं नव्हतं. कुणी गेलं नव्हतं, भांडण नव्हतं. मुलगा कामाला लागला होता, सून चांगली होती. म्हणूनच कदाचित कुणाच्या ध्यानात आलं नाही. आधी मॅचच्या गोष्टी गेल्या. मग कालवणाच्या गेल्या. मग नुसतं "हं, पाखरे" एवढंच उरलं, आणि एके दिवशी तेही राहिलं नाही. त्यांच्या हाताला पूर्वी जोर होता, तो गेला. दाढी वाढली. पहाटे मी बघायची तर ते आधीच गोठ्याच्या उंबऱ्यावर बसलेले असायचे, रात्रभर झोप नसल्यासारखे. खिडकीतून बायडाबाईंचा आवाज यायचा, "अवो, चार घास तरी खावा की," आणि ताट सरकवल्याचा आवाज यायचा.

मित्रांनो, धार काढणारा माणूस म्हशीच्या कुशीला डोकं टेकून बसतो. दोन्ही हात कामात, तोंड म्हशीच्या अंगाकडे. बघणाऱ्याला त्याचा चेहरा दिसत नाही. दिसतो तो कामात असलेला माणूस. माझे धनी त्या काळात असे बसायचे आणि माझ्या कुशीवरून ऊन पाण्याचा ओघळ खाली यायचा. चार हातांवर माणसं ग्लास घेऊन उभी असायची. हसायची, राजकारण बोलायची. ओघळ फक्त मला कळायचा.

एकदा, फक्त एकदा, ते बोलायला गेले. हंबीरराव म्हणून एक जुने पैलवान रोज कट्ट्यावर यायचे. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस.

"काय आकाराम, तोंड का पाडलंयस? मालकिनीनं लाटनं घातलं व्हय डोस्क्यात?"

सगळे हसले. धनीही थोडं हसले. मग हात थांबवून हळूच म्हणाले, "हंबीरराव, मला काय व्हाय लागलंय तेच कळंना झालंय बघा. सकाळी उठायचं म्हटलं की छातीवर कुनी बसल्यागत हुतंय. कशातच काय गोडी न्हाय. वाटतंय, आपून असून नसून..."

हंबीररावांनी त्यांच्या पाठीवर असा दणका घातला की बादली हिंदकळली. "अरं तिच्यायला! दोन गिल्लास दूध पी, सकाळी चार जोर मार! मन-बिन काय नसतंय गड्या. तुला रं काय कमी हाय? सोन्यासारखं पोरगं हाय!"

"ते बी खरंच हाय की," धनी म्हणाले आणि त्यांनी डोकं पुन्हा माझ्या कुशीला टेकलं. हंबीररावांच्या मनात काही वाईट नव्हतं. आपण माणसाला धीर दिला असंच समजून ते दूध पिऊन गेले. पण त्यानंतर माझे धनी कुणाजवळ काही बोलले नाहीत.

मुकेपणानं धार निघेना. दूध कासेत असायचं, पण सुटायचं नाही. दिवसेंदिवस बादली उणी भरू लागली. आणि तेव्हा, मित्रांनो, घर जागं झालं. माझ्यासाठी जागं झालं.

"म्हस दूध चोराय लागली," विश्वजित म्हणाला.

बायडाबाईंनी मीठ-मिरच्या घेऊन माझी दृष्ट काढली. "कट्ट्यावर कुनाची वाईट नजर लागली माझ्या म्हशीला," म्हणत त्या माझ्यावरून मूठ उतरवत होत्या. धनी माझ्या पायांशीच बसले होते. उतरवताना मूठ दोनदा त्यांच्या डोक्यावरून गेली. पण ती माझी दृष्ट होती. माझ्या गळ्यात काळा दोरा आला. पेंड बदलली. मग जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी माझी कास दाबून पाहिली, जीभ पाहिली, पोटाला कान लावला आणि म्हणाले, "जनावर ठणठणीत आहे. म्हशीला काही झालेलं नाही. धार कोण काढतं?"

"आबाच काढत्यात. जल्मभर त्येंनीच काढलीय," विश्वजित म्हणाला.

डॉक्टरांनी धन्यांकडे पाहिलं. अंमळ जास्तच पाहिलं. मग ते म्हणाले, "त्यांची तब्येत बरी आहे ना?"

"व्हय, बरी हाय की. वय झालंय जरा," विश्वजितनं सांगितलं आणि डॉक्टरांची बॅग उचलून तो त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला.

त्या घरात एकटी अनुजा वेगळं बोलली. खिडकीतून मी ऐकलं. "आबांना मनाच्या डॉक्टरला दाखवूया. सरकारी दवाखान्यात बी असत्यात. मी येईन संगट."

"हळू बोल!" विश्वजित म्हणाला. "आबा येडं हाईत व्हय? पेठंत कळलं तर तोंड दाखवाय जागा ऱ्हायाची न्हाय."

"ताप आल्यावर दाखवत न्हाय का आपन?"

"ताप दिसतोय. ह्ये काय दिसतंय?"

खिडकीखाली धनी उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. पायाजवळच्या वैरणीची एक काडी उचलून ते ती मोडत राहिले, अगदी बारीक होईपर्यंत.

मग दिवाळीचा पाडवा आला. आमच्याकडे पाडव्याला म्हशींचा मान असतो. शिंगं रंगवतात, मोरपिसं बांधतात, पायांत घुंगरं घालतात आणि रस्त्यावरून मिरवतात. गवळी पुढं मोटारसायकल पळवतात आणि मागून म्हशी धावतात. माझ्या धन्यांनी कधी गाडी घेतली नाही. ते गर्दीच्या पल्याड जाऊन उभे राहायचे आणि नुसती हाक मारायचे, "पाखरेऽऽ, ये गं माझे बाई!" आणि मी गर्दीतून वाट काढत, कुणालाही शिंग न लावता, थेट त्यांच्या छातीपाशी जाऊन थांबायची. टाळ्या पडायच्या. ती हाक ऐकायला लांबून लोक यायचे.

त्या वर्षीही अनुजानं माझी शिंगं रंगवली. धन्यांना नवा फेटा बांधला. ते पल्याड जाऊन उभे राहिले. ढोल थांबले. मी कान टवकारले.

त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, पण शब्द वर येईना. मी जागची हलले नाही. मला हाकेची सवय होती आणि हाक आली नव्हती.

"म्हस भैरी झाली काय रं?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"मस्ती आलीय! दूध बी देत न्हाय म्हनं!"

"काठी घाला की पेकाटात!"

मित्रांनो, एवढी माणसं होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या समोर, भर रस्त्यात, एक माणूस बुडत होता. त्याच्याकडे कुणीच पाहिलं नाही. विश्वजितनं लाजून माझं दावं ओढलं आणि मला घरी आणलं. धनी मागून एकटे चालत आले. फेटा सुटून खांद्यावर लोंबत होता.

पाडव्यानंतर मला विकायचं ठरलं. कागलचे आप्पासो टेम्पो घेऊन आले. माझ्या गळ्यात एक पितळी घंटा होती, ती धन्यांनी स्वतः सोडून घेतली. माझ्या कपाळावर हात ठेवून ते कितीतरी वेळ उभे राहिले. ओठ हलत होते. मला वाटलं, आता बोलतील. टेम्पो सुरू झाला. मी मागं वळून पाहिलं तेव्हा ते घंटा छातीशी धरून उभे होते, ती वाजू नये म्हणून आतला लोलक बोटांनी दाबून. बायडाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. मी गेल्याचं दुःख होतं ते. त्या घरातून त्या दिवशी खरं कोण गेलं, ते कुणाला कळलं नाही. त्यांचं रोजचं एकमेव जिवाजवळचं माणूस मी होते, आणि मी म्हैस होते.

कागलला आप्पासोंच्या घरी त्यांची बायको, त्रिशलाआक्का, धार काढतात. त्यांना गप्प बसवतच नाही. चहाची साखर संपल्यापासून जावेच्या गुडघ्यापर्यंत सगळं मला सांगतात. पुढच्या वेताला, पुन्हा व्याल्यावर, मी बादली भरून दूध दिलं. आप्पासोंनी कौतुकानं पेठेत निरोप धाडला, "तुमची म्हस एक नंबर हाय की वो!" तो ऐकून विश्वजित बघायला आला.

भरलेल्या बादलीकडे तो बघत राहिला.

"जनावर झ्याक हाय पावणं," आक्का म्हणाल्या. "जरा बोलत बसावं लागतंय तिच्यासंगं. दुसरं काय न्हाय."

विश्वजित तिथंच, शेणामुताच्या जमिनीवर बसला. "आबा बोलत हुतं," तो म्हणाला. "आधी लई बोलत हुतं, आक्का. आमी म्हशीला डॉक्टर आनला. म्हशीची दृष्ट काढली. म्हस इकली. आनि ह्यो मानूस तितंच बसलाता, तिच्या शेजारी."

"आता कसं हाईत?"

"अंथरुनातनं उठत न्हाईत. भिंतीकडं तोंड करून असत्यात. हाक मारली तर वळत बी न्हाईत."

आक्कांनी भरलेली बादली बाजूला सरकवली. विश्वजित उठला आणि त्यानं माझ्या कुशीला डोकं टेकलं. तीच जागा. तसाच ऊन ओघळ.

"पाखरे, उशीर झाला का गं?"

त्याला उत्तर हवं होतं, आणि मी म्हैस. मी कान हलवले. मग त्यानं खिशातून फोन काढला. "अनु, तू म्हनालतीस त्या डॉक्टरकडं आजच जाऊया. व्हय, आजच. पेठ काय म्हनंल ते म्हनू दे." तो धावतच बाहेर गेला. त्यानंतर मला काही कळलं नाही. कुणी आलं नाही, निरोप नाही. डॉक्टरांकडे गेले का, माझे धनी भिंतीकडून इकडे वळले का, ते आहेत का, हे मला ठाऊक नाही.

मित्रांनो, मला फार शहाणपण नाही. पण वैरण चघळता चघळता एक गोष्ट मनात येते. जनावरानं दोन वेळा वैरण तोंडात धरली नाही तर तुम्ही डॉक्टर बोलावता. माणूस महिनोन्महिने नीट जेवत नाही, झोपत नाही, हसत नाही, तर म्हणता, वय झालं. तुमच्या घरातलं बोलणारं माणूस गप्प झालं, तर त्याची थट्टा करू नका. तुला काय कमी आहे, असं विचारू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा. काय होतंय विचारा, आणि विचारून उठून जाऊ नका. उत्तर यायला वेळ लागतो. आपल्याच्यानं होत नसेल तर तापासाठी नेता तसं त्याला डॉक्टरकडे न्या. त्यात कसलीही लाज नाही. आणि तुमच्याच छातीवर कुणी बसल्यासारखं होत असेल, तर बोला. एकानं हसण्यावारी नेलं तर दुसऱ्याला सांगा, दुसऱ्यानं नेलं तर तिसऱ्याला. माझे धनी एकदाच बोलले आणि थांबले.

पाडवा पुन्हा जवळ आला आहे. आक्का माझ्या शिंगांसाठी रंग आणून ठेवताहेत. गोठ्याच्या पलीकडून मोठा रस्ता कोल्हापूरकडे जातो, त्यावर दिवसभर गाड्यांचा आवाज चालू असतो. त्या आवाजात मी एक आवाज शोधते. आक्का म्हणतात, "हिचं कान कायम तिकडंच असत्यात." त्या माझ्याशी बोलत राहतात, आणि दूध येतं.

पण हाक अजून आलेली नाही.