ही गोष्ट वाचू नका!

ठिणगीची चित्रकथा एकदाची पूर्ण झाली. सुट्टी संपली, बोटांची शाई निघेना आणि घरातले कोरे कागदही संपले, पण झाली! गोष्ट एका लिफ्टची होती. जन्मभर वर-खाली करून वैतागलेली ही लिफ्ट एक दिवस ठरवते, की बास, आता मी आडवी जाणार. शेवटच्या पानावर एकही शब्द नव्हता, फक्त चित्र. तेच पान ठिणगीने इतक्यांदा फाडून पुन्हा काढलं होतं, की आता ते बरं झालंय की वाईट, हे तिलाच कळेनासं झालं होतं. तिला एकच माणूस हवा होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचेल आणि सांगेल, शेवट कळतो की नाही. बस्स. शाळेच्या अंकासाठी पानं द्यायची होती, आणि शेवट कळत नसेल तर देण्यात काही अर्थ नव्हता.

घरच्यांना विचारून झालं होतं. आईने भाजी चिरता चिरता पानं उलटली आणि "छान गं" म्हणाली. ताईने फोनवरची नजर न काढता अंगठा दाखवला. काकाने तर पहिलंच पान बघून टाळी वाजवली. "हे जगासमोर आलं पाहिजे! टाक पोस्ट. शब्द मी देतो."

आता काकाची ओळख करून द्यायला हवी. काका जाहिरातींचे शब्द लिहायचा. साबण, पंखे, गाद्या, जे येईल ते. आपण दोन ओळींत दगडही विकू, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते तो जेवताना, दात घासताना, कधीही ऐकवायचा.

संध्याकाळी सगळे जेवणाच्या टेबलाभोवती जमले. ताईच्या फोनवर ठिणगीचं खातं उघडलं होतं, पानांचे फोटो काढून तयार होते.

"लिहून घे," काका डोळे मिटून म्हणाला. "एक लिफ्ट. दोन बटणं. शंभर स्वप्नं!"

"काका, लिफ्टला नऊ बटणं आहेत. मी एकेक काढलंय."

"अगं, नऊला ठेका नाही!"

"आणि शंभर स्वप्नं कुठायत? तिला एकच गोष्ट हवीये. आडवं जायचंय तिला."

"वेडाबाई, लोक बटणं मोजत बसतात का?"

"थांबा तुम्ही दोघं," ताई म्हणाली. "पहिली ओळ अशी हवी, की वर सरकवणारं बोट थबकलं पाहिजे. 'ही गोष्ट वाचू नका!' असं लिहू."

"वाचू नका? ताई, वाचा म्हणून तर टाकतेय ना!"

"तुला नाही कळायचं. असंच लिहितात आता."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई हात पुसत आली. "फार तोरा नको हं. 'माझा एक छोटासा प्रयत्न' असं घाला. नम्र वाटतं."

"छोटासा?" ठिणगीचा आवाज चिरकला. "आई, अख्खी सुट्टी गेली माझी! मैत्रिणी पोहायला गेल्या, मी इथे जिन्याच्या पायऱ्या काढत बसले होते!"

"म्हणूनच तर. मोठ्या माणसांना नम्र मुलं आवडतात."

मग जुंपली. काकाला ठेका हवा, ताईला धक्का हवा, आईला विनय हवा. लिफ्टचं कुणाला काही पडलं नव्हतं. ठिणगीने दोनदा "मी नुसतं लिहू का, की ही चित्रकथा वाचा आणि शेवट कळला का ते सांगा?" असं विचारून पाहिलं. तिघांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती लग्नाला पायजम्यात निघाली होती.

शेवटी तिघांचंही समाधान झालं. ताईने जांभळी-गुलाबी पार्श्वभूमी निवडली, अक्षरं टपोरी केली. काकाने स्वतःच्या बोटाने बटण दाबलं. पोस्ट गेली. *ही गोष्ट वाचू नका! एक लिफ्ट. दोन बटणं. शंभर स्वप्नं. माझा एक छोटासा प्रयत्न.*

आणि काय सांगू! नुसता पाऊस पडला कौतुकाचा. 'अप्रतिम!' 'घराण्याचं नाव काढलंस पोरी!' आत्याने लिहिलं, 'चित्रं बघून डोळे भरून आले.' काकाच्या ऑफिसातल्या कुणीतरी 'रंगसंगती लाजवाब' असं म्हटलं. काका टेबलावर ताल धरून प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचत होता. ठिणगी आधी फुलली, मग जरा विचारात पडली. रंगसंगती? तिची पानं तर काळ्या-पांढऱ्यात होती.

तेवढ्यात खाली एक ओळ उगवली. शाळेच्या संघातली गोलकीपर, दुसऱ्या तुकडीतली, जिच्याशी ठिणगी आयुष्यात एक शब्द बोलली नव्हती. तिने लिहिलं होतं, 'चित्रं कुठायत?'

ठिणगीने फोन ओढून घेतला. वर, खाली, पुन्हा वर. चित्रं नव्हतीच! जांभळी पार्श्वभूमी निवडली की फोटो गळून पडतात, आणि शब्दांच्या नादात चौघांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"मग आत्याचे डोळे कशाने भरून आले?" तिने विचारलं.

"शब्दांनी," काका छाती फुगवून म्हणाला.

ठिणगीला टेबलावर डोकं आपटावंसं वाटलं. त्याऐवजी ती पानांचे फोटो स्वतःच्या फोनवर घेऊन खोलीत गेली, धाडकन दार लावलं आणि ते थेट गोलकीपरला पाठवले. सोबत एक अक्षर लिहिलं नाही.

पेन्सिलला दोनदा टोक काढून झालं. मग उत्तर आलं. 'मजा आली. शेवट नाही कळला.'

नाही कळला? ठिणगीची बोटं धावायला लागली. शेवट खरं तर मोकळेपणाबद्दल आहे, प्रत्येकाच्या मनात एक लिफ्ट असते, शब्द नाहीत कारण मौन हीच... लिहिता लिहिता ती थांबली. अरे देवा. हे तर थेट काकासारखं व्हायला लागलं होतं. ठेकाबिका धरून.

तिने सगळं पुसलं आणि विचारलं, 'कुठे अडलीस?'

'लिफ्ट भिंत फोडून आडवी निघाली ते कळलं. पण ती एकटीच गेली का? आत कोणी आहे का? दार बंद आहे.'

ठिणगीने पान दिव्याखाली धरलं. गोष्टीतल्या नवव्या मजल्यावरच्या आजीबाई आत होत्या. चपला काढून, पाय पसरून, कधी नव्हे ते खुशीत बसलेल्या. ठिणगीला त्या इतक्या दिवसांपासून दिसत होत्या, की त्या कागदावर उतरल्याच नाहीत हे तिला कळलंच नव्हतं. कागदावर होतं ते एक बंद दार, झकास छाया दिलेलं.

"शी!" ती मोठ्याने म्हणाली. आता ती छाया घालवायची म्हणजे कागदच फाटणार. म्हणजे पान पुन्हा. पहिल्यापासून!

'आहे गं एकजण आत,' तिने लिहिलं. 'उद्या मधल्या सुट्टीत दाखवते. पुन्हा वाचशील?'

'हो. मैदानावर ये.'

बाहेरून काकाची हाक आली. "ठिणगे! चित्रांसाठी दुसरी पोस्ट टाकू. पहिली ओळ ऐक, तुफान सुचलीये!"

"नको!" ठिणगी ओरडली, आणि दातांत पेन्सिल धरून कोरा कागद शोधायला लागली.