दक्षिणेची पायरी

तिथे सकाळ होत नसे. काळोख नुसता पातळ होई.

अकराच्या सुमारास खाडीपलीकडच्या डोंगरांवर एक निळाई उतरे. आधी जांभळाच्या सालीसारखी गडद, मग पारव्याच्या मानेसारखी, मग कपड्यांना नीळ देऊन उरलेल्या पाण्यासारखी फिकी. बर्फ निळा, छपरे निळी, धुराड्यांतून सरळ वर जाणारा धूर निळा, माणसाच्या तोंडची वाफही निळी. घटकाभर ती निळाई जगावर थांबे, आणि दारापर्यंत आलेल्या पाहुण्याने उंबऱ्यावरूनच परत फिरावे तशी माघारी जाई. दोन वाजता पुन्हा काळोख.

काळोखात शाळेची घंटा. काळोखात बेकरीचे उघडे दार. काळोखात मुले हसत बर्फावरून घसरत जात, आणि त्यांचे हसणे बर्फ पिऊन टाकी.

नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे नकाशाचा कागद संपत येतो, तिथल्या एका बंदरगावात पद्मजाचा तो हिवाळा गेला. साल अडुसष्ट सरून एकोणसत्तर लागत होते. वय सतरा. एका वर्षासाठी परदेशी विद्यार्थिनी म्हणून ती तिथल्या शाळेत आली होती. आली होती बार्शीहून.

बार्शी म्हणजे ऊन. इतके ऊन की त्याचे कोणाला कौतुक नव्हते. ऊन अडवायला गोणपाट, ऊन झाकायला पदर, ऊन चुकवायला गल्लीची सावलीची बाजू. पापड-कुरडयांपुरता त्याला घरात मान, एरवी ते म्हणजे दारात पडून असलेला, कोणी न बोलावलेला, सोन्याचा निरुद्योगी पाहुणा. आणि आता सतराव्या वर्षी पद्मजाला कळत होते की आपण आयुष्यभर ज्याच्याकडे पाठ करून बसलो, तोच आपला सोबती होता.

तिचे वडील भूगोलाचे मास्तर. निघण्याआधी अण्णांनी कंदिलासमोर मोसंबे फिरवून दाखवले होते. "हे बघ पद्मे, पृथ्वी कलते. म्हणून तिथे दोन महिने सूर्य वर येत नाही. एवढंच!" मोसंब्यावर ते फार सोपे दिसले होते. मोसंब्यावर कोणी राहत नव्हते.

ती राहत होती तांते आस्ताच्या घरी. तांते म्हणजे त्यांच्याकडे आत्या, मावशी, काकू, सगळे एकच. आस्ता पंचावन्न वर्षांची विधवा. मासळीच्या कारखान्यात राबून बोटे वाकलेली, पाठ मात्र ताठ, आणि बोलणे चिमटीने मीठ घालावे तसे. "जेव." "मोजे वाळले." "दार लाव." एवढ्यावर दिवस सरे. स्वयंपाकघरात काळी लोखंडी चूल होती, तिला आस्ता दर शनिवारी घासून आरशासारखी करी. चुलीसमोर दक्षिणेची खिडकी होती, आणि नाताळ सरताच आस्ताने त्या खिडकीवर जाड करडा पडदा ओढला होता. का, ते पद्मजाने विचारले नाही. बाहेर बघण्यासारखे होते तरी काय?

तिची स्वतःची खोली माळ्यावर. तिला एकच खिडकी, पूर्वेची. रोज घड्याळात सात वाजले की ती त्या खिडकीशी उभी राही. आईने दिलेल्या तांब्याच्या फुलपात्रात पाणी घेई, काळ्याकभिन्न डोंगराकडे तोंड करून हात जोडी, डोळे मिटे. सूर्य नव्हता, पण सूर्याची जागा तर होती. मिटल्या डोळ्यांआडचा काळोख तेवढा तिच्या ओळखीचा.

मराठी तिच्या तोंडात साकळून राही. कधी अंघोळ करताना ती स्वतःशीच भांडे, मोठ्याने, दोन्ही बाजूंनी. "टॉवेल कुठे टाकलास?" "मला काय विचारतेस, तूच टाकलास!" आणि मग पाण्याचा आवाज थांबला की त्या शांततेत तिला स्वतःची लाज वाटे.

आईची पत्रे अठरा दिवसांनी पोचत. पत्रात धाकटा भाऊ तापाने फणफणलेला असे. पत्र हाती पडेपर्यंत तो बरा होऊन बोरे पाडत हिंडत असे. तिची काळजी अठरा दिवस शिळी, तिचा आनंद अठरा दिवस शिळा. सगळे जग पुढे निघून गेलेले, आणि आपण एका निळ्या, निःशब्द, निर्वात घटकेत अडकलेलो.

जानेवारीच्या मध्यावर तिने पाच ओळींचे पत्र लिहिले, तिला पाठवणाऱ्या संस्थेला. मला इथे राहवत नाही. कृपा करून मला घरी पाठवा. त्या पत्राला उत्तर म्हणून तिकीट येणार होते. टपाल नेणारी बोट दर शनिवारी बारा वाजता धक्क्याला लागे. एक शनिवार गेला, पत्र कोटाच्या खिशातच राहिले. दुसरा शनिवार जवळ येत होता.

त्याच आठवड्यात आईचे कार्ड आले. तिरप्या, घाईच्या अक्षरांत: "शुक्रवारी रथसप्तमी आहे. दूध उतू घालव. तुझ्या तिथे सूर्य नसला म्हणून काय झालं, तो जिथे असेल तिथून बघेल."

रथसप्तमी! बार्शीच्या अंगणात तुळशीपुढे सात घोड्यांची रांगोळी, पेटलेल्या गोवऱ्या, त्यांवर दुधाचे एवढेसे बोळके. वर्षातून एकच दिवस असा की दूध उतू जाताना कोणी धावत नाही. सगळे घर हात जोडून बघत राहते, सूर्याचे त्याला पोचू देते.

शुक्रवारी आस्ता पाव आणायला गेली, आणि पद्मजाने काळ्या चुलीवर दुधाचे पातेले ठेवले. पूर्वेच्या भिंतीकडे तोंड केले.

दूध आधी गप्प होते. मग कडेकडेने शहारले. मग साय थरथरली, फुगली, श्वास घेऊ लागली. आणि एका क्षणी शुभ्र, फेनिल, उन्मुक्त असे ते पातेल्याचा काठ ओलांडून काळ्या लोखंडावर झेपावले. चर्र झाले. करपट, गोड, उबदार वास उठला, आणि त्या एका वासात सबंध बार्शी आली, अंगणासकट, उन्हासकट, आईच्या ओल्या केसांसकट. पाच महिन्यांत पहिल्यांदा पद्मजा रडली.

दार उघडले.

"खाली घे! अगं, दूध! डोळे आहेत की नाहीत?"

"मुद्दाम घालवलंय, तांते."

"मुद्दाम?"

"सूर्यासाठी."

आस्ताने पातेले ओढून बाजूला घेतले. बोट भाजले, तिकडे तिने पाहिलेही नाही. "तुमच्याकडे सूर्य फुकट मिळतो, म्हणून दूध सांडता. इथे दोन्हीची वाट बघावी लागते, पोरी."

"मग नका ठेवू मला! मी जाते परत. पत्र लिहून ठेवलंय मी."

"बोट उद्या," आस्ता म्हणाली. "बारा वाजता."

पद्मजा जिन्याकडे धावली. पण वळताना तिला दिसले: आस्ताने पावाचा तुकडा मोडला, चुलीच्या गार कडेला साचलेले दूध त्याने टिपले, हलक्या हाताने, एखाद्याचे डोळे पुसावेत तसे, आणि तो तुकडा उभ्याउभ्याच खाल्ला.

निळाई येऊन गेली. मग जिना वाजला. आस्ता त्या माळ्यावर कधी चढत नसे. तिच्या हातात कॉफीचे दोन पेले होते. ती पलंगाच्या कडेला बसली, आणि पाच महिन्यांत बोलली नव्हती तेवढे एका दमात बोलली, खिडकीकडे बघत.

"चव्वेचाळीस साल. जर्मन माघारी जाताना गावं जाळत गेले. आम्ही डोंगरातल्या गुहेत राहिलो. दोन घरांत मिळून एक गाय. ती आटली. माझी लिव दोन महिन्यांची होती. माझंही दूध आटलं." ती कॉफीत बघत राहिली. "जानेवारीत सूर्य आला. सगळे बाहेर धावले. ओरडले, नाचले, रडले. मी नाही गेले. लिव जाऊन तीन दिवस झाले होते. तेव्हापासून मी तो पडदा ओढते. येऊ दे त्याला यायचं तर. मला बघायचं नाही."

कुठेतरी छपरावरून बर्फ घसरला. पद्मजाने पदर धरावा तसा आस्ताच्या लोकरी शालीचा कोपरा धरला.

आस्ताची नजर खिडकीतल्या तांब्याच्या फुलपात्रावर गेली.

"तू रोज इथे उभी राहून बघतेस तरी काय?"

"सूर्य येतो का ते."

"तिकडून?"

"पूर्व आहे ना ती!"

आस्ता हसली. गोठलेल्या नळातून पहिले पाणी खडखडत यावे तसे ते हसणे आले. "तिकडून इथे वाऱ्याशिवाय कोणी येत नाही, बाई! सूर्य दक्षिणेतून येतो. भर दुपारी. खाडीपलीकडच्या दोन डोंगरांच्या फटीतून. भूगोलाच्या मास्तरांची पोर ना तू?"

दक्षिण! जिकडे पाय करून निजू नये, जिकडे तोंड करून दिवा लावू नये, ती दिशा. गेलेल्या माणसांची दिशा. दोन महिने पद्मजा तिच्याकडे पाठ करून प्रार्थना करत होती. आणि याच घरात, एक मजला खाली, आणखी एक बाई चोवीस वर्षे पडदा ओढून त्याच दिशेकडे पाठ करून होती.

शनिवार उजाडला, म्हणजे पातळ झाला. आभाळ निरभ्र. दक्षिणेच्या डोंगरांमागे गुलाबी, मग केशरी, मग शेंदरी असे काही पेटत चालले होते. परतणारा सूर्य बघायला सगळे गाव टेकडीकडे निघाले होते, मुलांच्या हातांत बेकरीतले गोल, मधोमध पिवळे पाव. पद्मजाने कोट घातला. खिशात पत्र होते. ती जिना उतरली आणि स्वयंपाकघरात थबकली.

पडदा बाजूला होता.

मागचे दार उघडे होते. दक्षिणेच्या पायरीवरचा बर्फ झाडलेला. तिथे पितळी स्टोव्ह फरफरत होता, बार्शीच्या घरात फरफरे अगदी तसाच. त्यावर पातेले, पातेल्यात दूध. आणि शेजारी, शाल डोक्यावरून घेऊन, आस्ता बसली होती, दवाखान्याच्या बाकावर बसावे तशी ताठ.

"किती वेळ ठेवता तुम्ही?" तिने मागे न बघता विचारले.

"उतू जाईपर्यंत."

"आणि मग?"

"मग नुसतं बघायचं."

"हात लावायचा नाही?"

"नाही."

"अवघड आहे," आस्ता म्हणाली.

पद्मजा तिच्याशेजारी बसली. खाली धक्क्याला बोट लागली, तिचा भोंगा डोंगरांवर आदळून परत आला. दोघीही हलल्या नाहीत.

आणि मग त्या दोन डोंगरांच्या फटीत एक ठिणगी आली. ठिणगीची कोर झाली, कोरीची कड झाली. तांबूस, तान्ही, थरथरती. खाडीच्या पाण्यावरून एक सोनेरी रेघ धावत आली, धक्का ओलांडून, छपरे ओलांडून, आस्ताच्या बुटांशी येऊन थांबली. टेकडीवरून मुलांचा कल्लोळ उठला. निळा बर्फ गुलाबी झाला, निळी छपरे लाल झाली, जणू सगळे जग इतके दिवस ओठ मिटून होते आणि आता त्याने आपले खरे रंग कबूल केले.

दूध शहारले. साय थरथरली. दूध वर आले.

आस्ताचा उजवा हात सवयीने पुढे झाला. डाव्या हाताने तिने तो धरला. घट्ट, मनगटापाशी. दूध काठाशी आले, क्षणभर थबकले, आणि ओसंडले. पायरीवरून वाहिले, बर्फात शिरले, पांढऱ्यात पांढरे मिसळून दिसेनासे झाले. फक्त वाफ उठली, आणि त्या वाफेला ऊन लागले. आस्ताचे ओठ हलत होते. एकच नाव होते ते, आखूड, एका श्वासाचे.

चार मिनिटे. मग कोर बुडाली.

भोंगा दुसऱ्यांदा वाजला.

"बोट चुकेल तुझी," आस्ता म्हणाली, आणि शालीने नाक पुसले.

"पुढच्या शनिवारी येईलच की."

"येईल ना. तोवर पायरी कोण धुणार?"

पुढच्या शनिवारी बोट आली, त्याच्या पुढच्याही आली. ऊन चार मिनिटांचे अर्धा तास झाले, तासाचे दोन झाले. पत्र कोटाच्या खिशात मऊ पडत गेले. जूनमध्ये, रात्र नावाचे काही उरले नव्हते तेव्हा, पद्मजा घरी परतली.

त्याला आता पन्नासांवर वर्षे झाली. आस्ता त्या दिशेला गेली, जिकडे सगळे जातात. पद्मजाचे केस त्या बर्फाच्या रंगाचे झाले. बार्शीत ऊन अजूनही दारात पडलेले असते, सोन्याचे, निरुद्योगी. तिने मात्र त्याच्याकडे पुन्हा कधी पाठ केली नाही.

रथसप्तमीला ती अंगणात गोवऱ्या पेटवते, बोळके ठेवते, आणि एका बाजूला बारीक खडा सारते, म्हणजे ते जरा कलते. सून दरवर्षी सांगते, "आई, पूर्व इकडे." ती दरवर्षी म्हणते, "माहीत आहे गं."

दूध शहारते. साय थरथरते. कोणी हात पुढे करत नाही. आणि काठावरून, हळू, शुभ्र, दूध दक्षिणेला जाते.