जेबाबरोबर घरी आलेला खडूचा साचा

मित्रांनो, तुमच्या वर्गातले फळे आता कदाचित पांढरे झाले असतील आणि त्यांवर मार्करने लिहीत असतील. पण कुठे कुठे अजून काळा फळा आहे. त्यावर जो खडू झिजतो, तो माझ्यासारख्याच्या पोटातून निघालेला असतो. मी खडूचा साचा आहे. वय पंधरा-सोळा वर्षे. अंगभर ओरखडे आहेत, एका बोल्टचा आटा गेला आहे, आणि कडेच्या चार भोकांतून आता खडू धड निघत नाही. तरीही मला माझ्याविषयी थोडे आणि जेबाविषयी जास्त सांगायचे आहे.

माझा जन्म अकोल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. खुशालराव नावाच्या कारागिराने ॲल्युमिनियम वितळवून मला ओतले. माझी चाळीस भोके त्यांनी दोन दिवस घासली. मालक घाई करू लागला तेव्हा ते म्हणाले, "हा साचा ज्या शाळेत चालला, तिथल्या लेकराईचे हात हळू चालते. धार राह्यली त बोट कापीन. घासू द्या मले."

ती शाळा अकोल्यातच होती. ज्या मुलांना गोष्टी उशिरा आणि वेगळ्या रीतीने कळतात, त्यांची ती निवासी शाळा. तिथे कौशल्याबाई मोठ्या मुलांना खडू करायला शिकवीत. मला तेल लावायचे, बोल्ट आवळायचे, पाण्यात प्लास्टर ऑफ पॅरिसची पावडर कालवून माझ्यात ओतायची, वरचे जास्तीचे पट्टीने निपटून काढायचे आणि थांबायचे. सगळ्यात अवघड होते ते थांबणे. कित्येक मुले मला आधीच उघडून टाकीत आणि आतून ओला चिखल बाहेर येई.

जेबा मात्र थांबायची. ती बाळापूरची होती. शाळेत आली तेव्हा बारा वर्षांची असेल. वीसच्या पुढे तिला मोजता येत नसे. पण खडूचा डबा हातात घेतला की तो भरला की नाही, हे ती वजनावरून ओळखी. आणि माझ्या अंगाला गाल लावून बसे. पावडर घट्ट होताना तापते, मग निवते. मी निवलो की ती म्हणे, "झाला." तिचा अंदाज कधी चुकला नाही. तिचे पाहून कौशल्याबाई बाकीच्या मुलांनाही गाल लावायला सांगू लागल्या.

बाईंनी तिला आणखी एक गोष्ट शिकवली, आणि तिचा मला आजही अभिमान वाटतो. दर शनिवारी जेबाची आई सईदा तिला न्यायला बाळापूरहून एसटीने येई. बाईंनी सईदाला सांगितले, "आजपासून तुमी मागच्या सीटवर बसा. तिकीट जेबा काढीन." सईदा घाबरली. पण जेबाने कंडक्टरपुढे आपला सवलतीचा पास धरला आणि "बाळापूर" असे स्पष्ट म्हटले. वर्षभराने तिला बसची पाटी वाचता येत नसूनही बस ओळखता येऊ लागली.

शाळेतली ती वर्षे माझी चांगली वर्षे होती. तालुक्याच्या प्रदर्शनात आमचे खडू मांडले गेले. कुणी पाहुणे आले की मला टेबलावर ठेवीत आणि जेबाला माझ्याजवळ उभे करीत. टाळ्या वाजत. पुढे या मुलीचे काय होणार, हे मात्र एकाही पाहुण्याने विचारले नाही.

जेबा अठरा वर्षांची झाली तेव्हा ऑफिसातून चिठ्ठी आली की पटावरचे तिचे नाव कमी करावे. शाळा अठरापर्यंतच होती. मोठ्यांसाठी एक कार्यशाळा होती, पण तिथे जागा नव्हती. कौशल्याबाई ती चिठ्ठी हातात घेऊन आमच्या खोलीत आल्या. मग तिथे आलेल्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "सर, अठरा पुरे झाले म्हणून पोरगी बरी होते का?"

"नियम आहे बाई. मी काय करू?"

"मग निदान हा साचा जुना झाला म्हणून काढून टाका. तिच्यासंग घरी जाऊ द्या."

असा मी कागदोपत्री भंगारात निघालो आणि जेबाच्या पिशवीतून बाळापूरला आलो.

सईदाचे घर दोन खोल्यांचे होते. जेबाचा मोठा भाऊ इमरान अकोल्याच्या दाल मिलमध्ये कामाला जाई. सईदाने मला खिडकीतल्या फळीवर ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी कामाला लावले. पण तेल तीच लावायची, पावडर तीच कालवायची, बोल्टही तीच सोडायची. जेबाच्या वाट्याला फक्त खडू डब्यात भरणे आले. लेकीच्या हाताला काही होऊ नये, एवढेच त्या माउलीच्या मनात होते. महिन्याभराने कौशल्याबाई पाहायला आल्या आणि दारातच थांबल्या.

"सईदाबी, हे काम कोणाचं व्हय? तुमचं का तिचं?"

"बाई, तिचा हात पोळला त?"

"शाळेत सहा वर्षं नाही पोळला. आज तुमी आहा. उद्या?"

सईदाच्या छातीत दुखणे सुरू झालेले होते आणि तिने ते कुणालाच सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ती हात बांधून बाजूला बसू लागली. पावडर सांडली तरी उठत नसे. पदर तोंडात धरून बसे. दोन-तीन महिन्यांत जेबा एकटी खडू करू लागली आणि शेजारच्या गोदाबाईंना बरोबर घेऊन दोन शाळांत डबे पोचवू लागली. मला वाटले, आता गाडी रुळावर आली.

पुढच्या हिवाळ्यात सईदाला दवाखान्यात नेले आणि ती परत आली नाही. त्याच सुमारास कौशल्याबाई निवृत्त होऊन अमरावतीला राहायला गेल्या. आता घरात दोघेच उरले. इमरान सकाळी आठला निघे आणि दिवेलागणीला येई. पावडर संपली. नवी कुठून आणतात, हे त्याला ठाऊक नव्हते, आणि सांगायला अम्मी नव्हती. जेबाने एक दिवस माझ्यात गव्हाचे पीठ कालवून ओतले. तिने मला गाल लावला. पिठाला कुठली ऊब? मी तापलो नाही, निवलोही नाही. ती दिवसभर तशीच बसून राहिली. संध्याकाळी इमरानने पीठ खरवडून काढले, पण कडेची चार भोके तेव्हाच बुजली.

मग एप्रिलात ते घडले. जेबाने मला पिशवीत घातले, चपला घातल्या, दार ओढून घेतले आणि ती बसस्टँडवर गेली. योग्य बसमध्ये चढली. कंडक्टरला पास दाखवून "अकोला" म्हणाली. योग्य ठिकाणी उतरली, दोन चौक ओलांडले आणि शाळेच्या फाटकापाशी येऊन उभी राहिली. मित्रांनो, ज्या मुलीला वीसच्या पुढे मोजता येत नव्हते, ती एकटी अकोल्याला आली होती. हे पाहायला तिच्याजवळ मी एकटा होतो, आणि मला टाळ्या वाजवता येत नाहीत.

फाटकावर नवा चौकीदार होता. शाळेला सुट्या लागल्या होत्या.

"कोण पायजे?"

"मी जेबा. पावडर पायजे. साचा आणला."

"कोणती जेबा? शाळा बंद आहे. नाव आहे का तुझं इथं?"

"आहे," ती म्हणाली.

त्याने खोलीत जाऊन वही पाहिली. बाहेर येऊन तो म्हणाला, "नाही, बाई. तुझं नाव नाही इथं."

माणूस वाईट नव्हता. त्याने तिला पाणी दिले. पण फाटक उघडले नाही. जेबा भिंतीलगत बसली. अकोल्याचे एप्रिलचे ऊन तुम्हाला ठाऊक असेल. सावली सरकत गेली आणि ती तिथेच राहिली. तिला थांबायला शिकवले होते, म्हणून ती थांबली. चार वाजता चौकीदाराने तिच्या पासामागे लिहिलेला नंबर लावला. इमरान मिलमधून धावत आला. त्याचे कपडे डाळीच्या पिठाने पांढरे झाले होते.

"काहून आली इथं? कोणाले सांगून आली?" तो ओरडला. मग एकदम तिचे डोके छातीशी धरून रडू लागला. "तुले काही झालं असतं त मी अम्मीले काय तोंड दाखवलं असतं?"

तिने केवढे मोठे काम केले, हे त्याला कळले नाही. कळावे तरी कसे? त्याला तसे कुणी सांगितलेच नव्हते. त्याला फक्त रस्ता, गर्दी आणि बहीण दिसत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भाकरी, भाजी आणि पाण्याची बाटली तिच्याजवळ ठेवली आणि बाहेरून कुलूप लावले.

ते कुलूप दोन वर्षे लागत राहिले.

त्या दोन वर्षांत सांगण्यासारखे काही घडले नाही, आणि हीच त्यांतली सर्वांत वाईट गोष्ट होती. मी फळीवर होतो. जेबा खाली होती. सुरुवातीला ती दार वाजवी, मग नुसती दाराशी बसे, मग तेही थांबले. गोदाबाई खिडकीच्या गजांतून तिला कधी बोरे, कधी शेंगा देत आणि गप्पा मारू पाहत. जेबाची उत्तरे आखूड होत गेली आणि शेवटी आलीच नाहीत. माझ्या बोल्टांवर गंज चढला. मी धातूचा आहे, मला तेल लावले की झाले. तिचे शब्द गेले, ते कसे परत आणायचे?

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ती जेवेनाशी झाली. तेव्हा इमरानने जुन्या वहीतून कौशल्याबाईंचा नंबर शोधला. तिसऱ्या दिवशी बाई अमरावतीहून आल्या. त्यांचे केस पूर्ण पांढरे झाले होते, गुडघे दुखत होते. त्यांनी दारावरचे कुलूप पाहिले, मग आत जेबाला पाहिले. जेबाने त्यांना ओळखले नाही. निदान ओळख दाखवली नाही.

बाई इमरानकडे वळल्या. "इमरान, जनावराले तरी पाणी पाजाले बाहेर काढतेत रे."

"मग मी काय करू, बाई? तुमीच सांगा!" तो पहिल्यांदाच जोरात बोलला. "कामावर गेलो नाही त खाऊ काय? अन् दार उघडं ठेवलं, अन् कोणी काही केलं तिले, त? तुमच्या शाळेनं अठरा झाले म्हणून हात झटकले. मी कोणाकडे जाऊ?"

बाई खाली बसल्या. मग म्हणाल्या, "खरं आहे तुझं. आमचंही चुकलं. आमी तिले शिकवलं, अन् तुले काहीच नाही शिकवलं."

बाई गोदाबाईंच्या घरी तीन आठवडे राहिल्या. पहिले चार दिवस त्यांनी फक्त दार उघडे ठेवले आणि उंबऱ्यावर बसून शेंगा सोलल्या. पाचव्या दिवशी जेबा उंबऱ्यापर्यंत आली. गल्लीच्या टोकापर्यंत जायला आणखी आठ दिवस लागले. मोटारसायकलचा आवाज आला की ती भिंतीला चिकटून उभी राही. अकोल्यापर्यंत एकटी गेलेली तीच ही मुलगी, यावर माझा विश्वास बसत नव्हता. बाईंनी प्रत्येक गोष्ट इमरानला आणि गोदाबाईंना सांगितली. कधी हात धरायचा, कधी सोडायचा, आणि चुकली तर लगेच पुढे न होता किती वेळ पाहत राहायचे. इमरानने मिलमध्ये सांगून दुपारची पाळी मागून घेतली, म्हणजे सकाळ तरी तिच्यासाठी मोकळी राहील; दुपारी गोदाबाई तिच्याजवळ बसू लागल्या.

आता पावडर पुन्हा येते. अमरावतीहून बाई पाठवतात. जेबा मला तेल लावते. कधी पट्टी विसरते, कधी मला आधीच उघडते. पूर्वी ती असे कधी करत नसे. महिन्याला चार डबे होतात. एक अंगणवाडी आणि एक शाळा तेवढे घेतात. शाळेचे किसनराव गुरुजी परवाच म्हणाले की पुढच्या वर्षी त्यांच्याकडेही पांढरे फळे येणार आहेत. मोठ्यांच्या कार्यशाळेत अजूनही जागा नाही. इमरानने अर्ज दिला आहे, त्यालाही वर्ष होत आले. गोदाबाईंचे वय पासष्ट आहे.

जेबा तेवीस वर्षांची आहे. ती अंगणवाडीपर्यंत डबा घेऊन जाते. मागे पन्नास पावलांवर गोदाबाई असतात. ती एसटीत पुन्हा बसेल की नाही, मला ठाऊक नाही. बाई कधी भेटायला आल्या की म्हणतात, बसेल. त्या असे म्हणतात तेव्हा जेबाकडे पाहत नाहीत.

मित्रांनो, मला जपा, तेल लावा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे दिवस भरत आले आहेत, आणि भंगारात जायला मला दुःख नाही. मी तुम्हाला एवढेच विचारतो. तुमच्या गल्लीत असे कुणी होते का, जे पूर्वी पिशवी घेऊन शाळेच्या गाडीची वाट पाहत उभे राही आणि एके वर्षीपासून दिसेनासे झाले? ते कुठे गेले, हे कुणाला तरी विचारा. बहुतेक ते कुठेही गेलेले नसेल. त्याच घरात, त्याच दाराआड असेल. आईला घेऊन त्या दाराशी जा. पहिल्या दिवशी कुणी बोलणार नाही, दुसऱ्याही नाही. तरी जात राहा. आणि दार वाजवलेत की घाई करू नका. आतल्या माणसाला उठून दारापर्यंत यायला फार वेळ लागतो.